अठ्ठावीस ऑक्टोबरचा दगड

दानपोच्या लोकांना आपल्या गावाचं भारी कौतुक. शहर म्हणायचं ते महापालिका आहे म्हणून. एरवी मासळीबाजारात कुणी शिंकलं तर बसस्थानकावर ऐकू जावं एवढाच त्याचा जीव. पण हौस दांडगी. समुद्राकाठच्या बांधावर वर्षाच्या प्रत्येक दिवसाचा एक दगड बसवायचा आणि त्या तारखेला गावात जे काही घडलं असेल ते त्यावर कोरायचं, असं महापालिकेने ठरवलं. तीनशे सहासष्ट दगड. एकोणतीस फेब्रुवारीचासुद्धा सोडला नाही. तो बिचारा अजून कापडाखाली आपल्या वर्षाची वाट बघत बसलाय.

जानेवारीपासून रोज सकाळी अकराला त्या दिवसाच्या दगडावरचं कापड ओढलं जाई. चौदा मेच्या दगडावर होतं, की १९७१ साली गावात पहिला सिग्नल लागला आणि तो बघायला बेटांवरून लोक डबे बांधून आले. नऊ जूनला कुठलाच मोठा पराक्रम सापडेना, तेव्हा शाळेच्या विहिरीत पडलेली गाय जिवंत निघाली ते कोरलं. बहुतेक दिवशी समोर चार म्हातारे, दोन कुत्री आणि सातूच्या चहाची किटली, एवढाच समारंभ असे. पण मजकूर ज्याने लिहिला त्यानेच तो मोठ्याने वाचायचा आणि वाचून झाल्याशिवाय कापडाला हात लावायचा नाही, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळला जात होता. महापौर आले तरी वाचायची ती गुक यॉनजोंगच.

यॉनजोंग त्रेपन्न वर्षांची होती. महापालिकेच्या मागच्या बाजूला दोन टेबलं आणि एक गळका एसी असलेला इतिहास संकलन कक्ष होता, आणि तो म्हणजे तीच. कागद बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, हा तिचा खाक्या. गायीच्या बाबतीतसुद्धा तिने शाळेची जुनी हजेरी काढून त्या दिवशी सुट्टी दिल्याची नोंद शोधली होती. लोक तिला हसत आणि मनातून मानतही.

अठ्ठावीस ऑक्टोबरचा दगड मात्र गायीचा नव्हता. त्यावर कोरलं होतं: ‘१९६३. कप्तान हाम गिबोक याने धोक्याचा बावटा झुगारून सोलसम बेटावरून चिलसॉन बोट सोडली. एकेचाळीस प्रवासी बुडाले.’ कप्तानही त्याच पाण्यात गेला होता, पण त्याला त्या एकेचाळीसांत कुणी कधी धरलं नाही.

त्या कप्तानाची मुलगी अजून गावात होती. हाम बुनरे, सत्तरीची, बाजाराच्या मागल्या दाराशी सुकी मासळी विकायची. मसुदा सूचनाफलकावर लागल्यापासून ती चार वेळा कक्षात येऊन गेली. आरडाओरडा नाही, रडारड नाही. रबरी एप्रन काढून दाराबाहेर ठेवायची, आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसायची आणि म्हणायची, की माझे वडील तसे नव्हते. यॉनजोंगने तिला तारखेचा आणि बावट्याचा, दोन्ही कागद दाखवले. बुनरे म्हणाली, की ही तुमची तारीख मला कळत नाही, मी चंद्राचे महिने मोजते. मग यॉनजोंगने तिला समजावलं होतं, जरा जास्तच शांतपणे, की आजी, कागदाला ना राग असतो ना लोभ. शेवटच्या वेळी बुनरे दारात थांबली आणि एवढंच बोलली, “दगडावर चढलं की मग ते मी मेल्यावरही राहणार ना?”

राहणारच होतं, त्यासाठीच तर दगड.

तर त्या अठ्ठावीस तारखेला सकाळी नऊच्या सुमाराला यॉनजोंग मजकुराचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवत होती. बांधावर दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या, महापौर येणार होते, सोलसमचे लोक पहिल्या बोटीने निघाले होते. शेजारच्या टेबलावरची वी मिरान रजेचा अर्ज घेऊन आली. दुपारनंतर घरी जायचं म्हणाली, सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, थोरली सून म्हणून सगळा स्वयंपाक तिच्याच गळ्यात. अर्जात कारणाच्या रकान्यात तिने मृत्यूची तारीख लिहिली होती: एकोणतीस ऑक्टोबर.

यॉनजोंगने सही करता करता पेन थांबवलं. दिवस चुकलीस की काय, म्हणून हसत विचारलं. आज तर अठ्ठावीस.

“अहो ताई, तुमचं तीन पिढ्यांचं चर्च, तुम्हाला कुठून कळणार,” मिरान म्हणाली. “माणूस गेला त्याच्या आदल्या दिवशीच ताट मांडायचं असतं. पूर्वी रात्री बारा वाजून गेले, म्हणजे गेल्याचा दिवस लागला, की लगेच मांडायचे. आता कोण जागतंय, संध्याकाळीच उरकतो. पण श्राद्ध कधी म्हणून विचारलं तर तारीख आदल्याच दिवसाची सांगायची. सासूबाई म्हणतात, त्या दिवशी होते ना अजून, जेवत होते.”

“सगळ्यांकडे असंच?”

“नवी घरं करतात कशीही. जुन्या घरांत असंच. बेटांवर तर विचारूच नका.”

यॉनजोंगने सही केली, अर्ज परत दिला आणि खुर्चीत बसली.

चिलसॉनची तारीख कुठेच लिहिलेली नव्हती. तेव्हाची पोलीस चौकी पुढे जळाली, राजधानीतल्या वर्तमानपत्रांनी ‘गेल्या आठवड्यात’ एवढ्यावर भागवलं होतं. म्हणून यॉनजोंग दोन महिने सोलसमच्या तेवीस घरांत हिंडली होती. प्रत्येक घरात तिने एकच प्रश्न विचारला होता: तुमच्याकडे श्राद्ध कधी असतं? तेवीसच्या तेवीस घरांनी एकच उत्तर दिलं: चंद्राच्या नवव्या महिन्याची बारा तारीख. पंचांगात बघितलं तर त्या साली ती अठ्ठावीस ऑक्टोबरला येत होती. तेवीस साक्षीदार, एक तारीख. एवढा भक्कम पुरावा तिला आजवर कुठल्याच दगडाला मिळाला नव्हता, आणि त्याचा तिला चांगलाच अभिमान होता.

दुसरा कागद हवामान कचेरीतल्या जुन्या नोंदवहीची प्रत. सत्तावीस आणि अठ्ठावीस ऑक्टोबर, दोन्ही दिवस, सोलसमच्या धक्क्यावर धोक्याचा बावटा. बोट अठ्ठावीसला सुटली, बावटा अठ्ठावीसला होता. यात लपवण्यासारखं काय होतं? तिने कपाटातून ती प्रत काढली. पान उलटलं. तिने ते पूर्वीही उलटलं होतं, पण एकोणतीस तारखेशी आपला काय संबंध म्हणून पुढे वाचलं नव्हतं.

‘२९ ऑक्टोबर. पहाटे ५.१०. सोलसमचा बावटा उतरवला. वारा पडला. लाटा अजून मोठ्या.’

तिने ते पान पर्समध्ये घातलं आणि फोन लावला. सोलसमच्या यो आजी पायाच्या दुखण्यामुळे समारंभाला येणार नव्हत्या, त्या घरीच सापडल्या. यॉनजोंगने या वेळी प्रश्न नीट विचारला: तुमचे वडील कुठल्या दिवशी गेले?

“तेराला,” यो आजी म्हणाल्या. “ताट बाराला, गेले तेराला. तू मला श्राद्ध विचारलंस, मी श्राद्ध सांगितलं. आता गेले कधी विचारतेस. आधीच विचारायचं नाहीस का?”

आणखी दोन घरांना फोन केले. तेरा. तेरा. तेवीस घरांनी तिला खरंच सांगितलं होतं. खोटं तिने स्वतः तयार केलं होतं, चांगलं मेहनत घेऊन, पुराव्यांसकट, आणि दगडात कोरून घेतलं होतं.

दहा वाजत आले होते. टॅक्सी मिळेना तेव्हा ती चालत, मग जवळजवळ पळत बांधाकडे निघाली. बाजाराच्या मागल्या दाराशी बुनरेच्या फळीवर ताडपत्री ओढलेली होती. थंडीच्या तोंडावरचा हंगाम, सुक्या मासळीचा, आणि म्हातारीने धंदा बंद ठेवला होता.

विभागप्रमुख प्यॉन साहेब खुर्च्यांच्या ओळी सरळ करून घेत होते. निवृत्तीला पाच महिने राहिलेला माणूस, वाईट नव्हता. फक्त कुठल्याही गोष्टीत पाच महिन्यांपेक्षा लांबचं बघायला तयार नसे. यॉनजोंगने त्यांना बाजूला घेऊन दोन मिनिटांत सगळं सांगितलं. बोट एकोणतीसला सुटली. साडेसहाला सुटायची ती रोज, आणि बावटा पाच-दहाला उतरला होता. कप्तानाने काहीही झुगारलं नव्हतं.

प्यॉन साहेबांनी आधी दगडाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. तीन फोनांवर तुम्ही साठ वर्षांची गोष्ट फिरवणार का, असं त्यांनी विचारलं. मग आवाज खाली आणून समजुतीने बोलले. आज वाचून टाका. पुढच्या महिन्यात समिती बसवू. चूक निघाली तर दगड बदलू, दगडच आहे. यॉनजोंगला ती समिती माहीत होती. ती पाच महिने लांबणार, तोवर प्यॉन साहेब निवृत्त झालेले असणार आणि तो विषयही उरलेला नसणार.

“आज कापड ओढलं की संध्याकाळपर्यंत फोटो सगळीकडे जाईल, साहेब.”

“आणि तुम्ही आज उभं राहून चूक झाली म्हणालात, तर मागच्या तीनशे दगडांवर कोण विश्वास ठेवील? सगळ्यांखाली सही तुमचीच आहे, गुक बाई. माझी नाही. याचा विचार करा.”

तिने विचार केला. खोटं कशाला बोला, पुष्कळ केला. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिच्या नावाला कुणी बोट लावलं नव्हतं. नवरा नाही, मूल नाही. हे दगड म्हणजेच काय ते मागे राहणार होतं. उद्यापासून पोरंटोरंसुद्धा विचारणार, की गाय तरी खरी होती का? आणि कुणाला कळणार होतं? मिरानने आपल्या बोलण्याचा आणि त्या बोटीचा संबंध लावला नव्हता, यो आजी दोन दिवसांत फोन विसरल्या असत्या. नुसतं गप्प राहायचं होतं. कागद उघडायचा, दोन वाक्यं वाचायची, खाली बसायचं. आपल्याला हे सुचतंय याचीच तिला किळस येत होती.

सोलसमची माणसं येऊन बसू लागली. पुढच्या ओळीत मधोमध यॉम सांगन येऊन बसले, मृतांच्या कुटुंबांच्या संघटनेचे अध्यक्ष. एकाहत्तर वर्षांचे, ताठ पाठीचे, कमी बोलणारे. त्यांचे वडील त्या बोटीत गेले होते. कप्तानाचं नाव दगडावर आलंच पाहिजे, हा अर्ज त्यांच्याच सहीचा होता. बावटा होता, हे बेटावरच्या मोठ्या माणसांनी तेव्हा पोलिसांना सांगितलं होतं आणि दानपोने ते मानलं होतं. धक्का त्यांचा, बावटा त्यांचा, बुडालेली माणसं त्यांची, मग न मानायला काय कारण? गेली पन्नास वर्षं दर वर्षी होणाऱ्या सामुदायिक स्मृतिदिनाला हाम घराण्यातलं कुणी फिरकू नये, याची काळजी आधी यॉमच्या काकांनी आणि नंतर यॉमनी घेतली होती. यॉनजोंगला महापौरांची भीती नव्हती. तिला या माणसाची होती.

आणि रस्त्याच्या पलीकडे, विजेच्या खांबाशी, बुनरे उभी होती. तिला बोलावणं नव्हतं. एप्रन काढून आली होती, केस नीट विंचरलेले होते. बापाचं नाव कसं कोरलंय ते बघायला आली होती. ती कुणाकडेच बघत नव्हती, फक्त त्या पांढऱ्या कापडाकडे.

अकरा वाजले. महापौरांचं भाषण झालं, लांबलंच जरा. प्यॉन साहेबांनी यॉनजोंगच्या हातात माइक दिला आणि देताना तिचं मनगट क्षणभर घट्ट दाबलं. तिने कागद उघडला.

“अठ्ठावीस ऑक्टोबर, एकोणीसशे त्रेसष्ट,” तिने वाचलं.

पुढचं वाक्य तिच्या डोळ्यांसमोर होतं. कप्तानाच्या नावाने ते सुरू होत होतं. खाली बांधावर लाटा आपटत होत्या. तिने कागदाची घडी परत घातली. लोकांना वाटलं भरून आलं असेल, एका बाईने पुढे होऊन पाण्याची बाटलीही दिली.

“मला हा दगड वाचता येणार नाही,” ती म्हणाली. “यावरची तारीख चुकीची आहे. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाचीही नाही.”

मग तिने सांगितलं. सांगताना क्रम चुकला नाही: आपण घराघरांत काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं, आपण त्याचा काय अर्थ लावला. ताट आदल्या दिवशी मांडतात हे आपल्याला माहीत नव्हतं. बोट एकोणतीसला सुटली. एकोणतीसला पहाटे पाच-दहाला बावटा उतरला. नोंदवहीचं पान तिने हातात धरून दाखवलं, जणू तिसऱ्या ओळीतून ते कुणाला वाचता येणार होतं.

एकदम सगळे बोलू लागले. श्राद्ध कधी असतं हे न कळणारी बाई आमचा इतिहास लिहिते का, असं मागून एक जण म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. एक म्हातारी उठून उभी राहिली आणि विचारू लागली, की मग माझ्या बापाला मारलं कुणी? महापौर प्यॉन साहेबांकडे बघत होते. प्यॉन साहेब माइक घ्यायला पुढे आले. कापडाच्या दोरीशी उभा असलेला कर्मचारी प्यॉन साहेब आणि यॉनजोंग, दोघांकडे आळीपाळीने बघत दोरी ओढू की नको अशा पेचात पडला होता.

“दोरी ओढू नकोस,” यॉम सांगन त्याला म्हणाले.

ते उठले होते. यॉनजोंगच्या समोर येऊन उभे राहिले. आता हा माणूस आपल्याला चारचौघांत सोलणार, असं तिला वाटलं, आणि तिने मनाची तयारी केली. त्यांनी विचारलं ते भलतंच. नोंदवहीत पाच-दहा लिहिलंय ना, नक्की?

“हो, काका.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “आम्ही बोटीत चढलो तेव्हा बावट्याची काठी रिकामी होती.”

माइक यॉनजोंगच्या हातात होता, आणि तो दोघांच्या मध्ये होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. बांधावरचा गलका थांबला.

यॉम वळले नाहीत. लोकांकडे पाठ करूनच बोलत राहिले. ते तेव्हा नऊ वर्षांचे होते. दोन दिवस बावट्यापायी माणसं बेटावर अडकली होती. वाळवलेल्या माकुळ मासळीचे गठ्ठे घेऊन दानपोच्या बाजाराला निघालेली, दोन दिवस धक्क्यावरच्या शेडमध्ये झोपलेली. तिसऱ्या दिवशी पहाटे बावटा उतरला आणि सगळी एकदम बोटीत घुसली. बोट पंचवीस माणसांची. कप्तान ओरडत होता, की निम्मे उतरा, लाट अजून बसलेली नाही, मी दुसरी फेरी करतो. कुणी उतरेना. मग त्याने पोरांना उतरवायला सुरुवात केली. चार पोरं त्याने स्वतः उचलून धक्क्यावर ठेवली.

“त्यातला एक मी. काखेत धरून उचललं मला. म्हणाला, तू दुपारी ये. माझे वडील त्याच्या अंगावर धावून गेले. पोराची जागा रिकामी झाली तिथे त्यांनी माकुळाचा गठ्ठा ठेवला. बोट आमच्या डोळ्यांसमोर उलटली. संध्याकाळी पोलीस यायच्या आधी मोठी माणसं जमली, बावटेवालाही त्यांच्यातलाच. बोट जास्त भरली म्हणून सांगावं तर भरली कुणी? ज्यांची मढी समोर होती त्यांनीच. बाप समोर निजवलेला असताना त्याच्यावर कोण बोट दाखवणार? कप्तान दानपोचा होता. आम्हा पोरांना सांगितलं, बावटा होता. आम्हीही म्हणालो, बावटा होता. त्या दिवशी जे धक्क्यावर होते त्यातलं आता कुणी उरलं नाही. मी उरलोय.”

“आणि अर्ज?” यॉनजोंगच्या तोंडून निघून गेलं. “दगडावर नाव हवं म्हणून तुम्हीच अर्ज केला होता, काका.”

“दगडावर आलं की कुणी पुन्हा विचारणार नाही, असं वाटलं होतं.”

लोकांमध्ये हालचाल झाली, कुणीतरी बाजूला सरलं. बुनरे रस्ता ओलांडून आली होती. खांबाशी उभं राहूनही तिला सगळं ऐकू गेलं होतं. महापौरांच्या भाषणासाठी कर्णे मोठेच लावले होते. ती खुर्च्यांच्या मधल्या वाटेने सावकाश चालत पुढे आली. यॉम तिच्याकडे वळले आणि एकाहत्तर वर्षांच्या माणसाला जमेल तसे गुडघे टेकून, दोन्ही हात जमिनीला लावून, डोकं खाली करून राहिले. तिने त्यांना उठवलं नाही.

“तू नऊ वर्षांचा होतास,” ती म्हणाली. “मी आठची. तेव्हाचं सोड. तू नंतर चाळीस वर्षांचा झालास, साठ वर्षांचा झालास. दर हंगामाला माझ्याकडून सुकी मासळी न्यायचास. चांगली निवडून दे म्हणायचास.”

“हो.”

“मी द्यायची.”

यॉनजोंगला काहीतरी करायला हवं असं वाटत होतं. तिने पुढे होऊन बुनरेला हाताला धरलं, माफी मागितली आणि सांगितलं, की हा दगड आजच उचलून नेऊ. नवा मजकूर मी लिहीन, तुम्हाला दाखवल्याशिवाय कोरणार नाही. तुमचं खरं ठरलं, आजी. तुम्ही पहिल्यापासून सांगत होतात ते खरं होतं.

बुनरेने मान हलवली. ते होकाराचं हलणं नव्हतं. तिला समाधान झालं असेल, निदान सूड उगवल्याचं तरी, म्हणून यॉनजोंगने तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिथे तसलं काहीच नव्हतं. म्हातारी घाबरलेली दिसत होती.

“तुमच्याशी भांडायला यायची,” बुनरे म्हणाली. “शाळेत भांडले, बाजारात भांडले, सासरी भांडले. पण मला मनातून वाटायचं, की केलं असेल त्यांनी. एवढं सगळं गाव कशाला खोटं बोलेल? माझी आई जाताना तीन दिवस एकच विचारत होती. बावटा दिसत असताना त्यांनी बोट काढली असेल का गं? मी दमले होते. मी म्हटलं, काढली असेल. आता माफ कर आणि जा. तिने माझ्यासमोर त्यांना माफ केलं, आणि मग गेली.”

खाली वाकलेल्या यॉमच्या पाठीकडे तिने बघितलं, मग यॉनजोंगकडे. तिचे डोळे कोरडेच होते.

“तिला आता कोण सांगणार?” तिने विचारलं.

माइक अजून चालूच होता. यॉनजोंगने तो बंद केला.